लिफ्टपुढचं ‘चालू’

फतेगंजच्या एका कॉम्प्लेक्समध्ये तिसऱ्या मजल्यावर मी फिजिओथेरपीचं क्लिनिक चालवते. लिफ्ट महिनाभर बंद होती आणि गुडघ्यांचे पेशंट जिना बघूनच परत जात होते. आणखी एक महिना असाच गेला असता, तर मला जागा सोडावी लागली असती. म्हणून मेन्टेनन्सच्या बदल्यात काय काय मिळतं याची यादी करून मी भाडेकरूंच्या मीटिंगमध्ये मॅनेजरपुढे ठेवली. त्यांनी यादीतल्या ‘लिफ्ट’ या शब्दापुढे ‘चालू’ लिहिलं.

“चालू? मग चला, मला वर सोडा,” मी म्हटलं.

“रिपेरिंग चालू छे, बेन!” मॅनेजर गुजरातीत म्हणाले.

तळमजल्यावरचे चपलांचे दुकानदार हसले. “आमचं झाडूपोछा होतं, बस. लिफ्ट आम्हाला काय कामाची?”

मी त्यांच्याकडे वळले. “शेठ, मऊ चपला घ्या म्हणून पेशंटना तुमच्याकडे कोण पाठवतं? मी गेले की तेही गेले.”

त्यांचं हसू मावळलं. त्यांनी माझंच पेन घेतलं, ‘चालू’ खोडून ‘बंद’ लिहिलं आणि खाली सही केली. मग यादी बाकीच्यांच्या सह्यांसाठी हातोहात फिरली. ती परत आली तेव्हा मॅनेजर लिफ्टवाल्याला फोन लावत होते.