कोलंबीएवढा दामू

चिंचणीच्या कमलाकांत चुरीला स्वस्थ बसलेला कुणी पाहिला असेल, तर त्याने पुढे येऊन सांगावं. त्याची बायको मंगला म्हणायची, हा माणूस झोपेतसुद्धा पायाची बोटं हलवतो. चिकूची वाडी होती, बापाने हौसेने लावलेली. पण झाडांना पाणी सोडायला गेलेला कमलाकांत पंपाची मोटर खोलून बसे, आणि झाडं तहानलेलीच राहत. माळ्यावर अर्ध्यावर सोडलेल्या गोष्टींचा बाजार मांडलेला. त्यात नारळ सोलायचं एक यंत्र होतं, त्याने एकदा नारळाऐवजी कमलाकांतचा अंगठा सोलला होता. "कमलाकांतने मनावर घेतलंय," असं कुणी म्हटलं की ऐकणारे हसत. तोही हसे, पण ते त्याला लागे. मग घरी येऊन तो त्या रागात आणखी एक नवं काम काढी.

तारापूरला वीजकेंद्र बांधायला आलेल्या परदेशी लोकांपैकी एक जण परत जाताना घरचं सामान विकत होता. शहाण्यांनी पंखे घेतले, भांडी घेतली. कमलाकांतने आठ मिलिमीटरचा सिनेमाचा कॅमेरा घेतला, सोबत छोटा प्रोजेक्टर आणि उरलेली दोन-चार रिळं. मंगला दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

बहात्तर साली तो कॅमेरा घेऊन कोळीवाड्याच्या धक्क्यावर गेला. तिथे खाडीकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला होड्या लावायची जागा. उजवीकडून डावीकडे गेली ती होडी निघाली, डावीकडून उजवीकडे आली ती घरी आली, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्या सकाळी होड्या निघत होत्या. धक्क्यावर बाई एकही नव्हती. तिथल्या बायका निघालेल्या होडीकडे बघत नाहीत. त्या येतात होडी परतताना, डोक्यावर पाटी घेऊन. कमलाकांतने सुकाणूवर उभ्या असलेल्या दामू नावाच्या तरण्या कोळ्याचं चित्र घेतलं. दामूने उजवा हात वर केला आणि काहीतरी ओरडला. फिल्म मुकी होती, त्यामुळे काय ओरडला ते राहूनच गेलं.

त्याच वर्षी दिवाळीनंतरच्या वादळात होडी उलटली. बाकीच्यांना दुसऱ्या होडीने उचललं. दामू सापडला नाही.

दामूची आई येसूबाई चिंचणीत घरोघर मासळी विकायची. दामूचा फोटो म्हणून घरात काही नव्हतं. कमलाकांतच्या फिल्मच्या डबीत आपला पोर आहे हे कळल्यावर ती एक दिवस पाटी ओट्यावर ठेवून सरळ आत आली. कमलाकांतने दारं लावली, भिंतीवर चादर टांगली. त्या फिल्मवरचं एकेक चित्र डाळीच्या दाण्याएवढं, आणि प्रोजेक्टरचा दिवा मिणमिणता. चादरीवर हातभर उजेड पडला. त्यात होडी, आणि होडीत दामू.

येसूबाई चादरीला नाक लावून पाहत राहिली. मग म्हणाली, "माजा पोर काय कोलंबीएवडा हुता रं?"

"प्रोजेक्टर मागे नेला की मोठा दिसतो, येसूबाय, पण मग उजेड पुरत नाय. अंधुक होतो."

"तू येवडी यंत्रं खोलतंस. मोठा करून दाव की."

"करतो," कमलाकांत म्हणाला. तो हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरी, तसाच त्याने तो आताही वापरला. पण येसूबाईने तो खरा धरला. त्यानंतर ती मासळी घेऊन आली की दारातूनच विचारी, "मोठा झाला का रं माजा दामू?" कमलाकांत आतल्या खोलीत लपे. मंगला बोंबील घेई आणि मान खाली घालून सांगे, "चाललंय त्यांचं." अशी वर्षं गेली. येसूबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. एकदा तिने मंगलाला कमलाकांत समजून तोच प्रश्न विचारला, आणि ते आत लपलेल्या कमलाकांतने ऐकलं. ही बाई आंधळी होईल आणि आपण माळ्यावर खुडबुड करत बसू, हे त्याला त्या दिवशी नीट कळलं. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही.

बोईसरच्या कारखान्यात काम करणारा आत्माराम त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या कारखान्याच्या क्लबात सोळा मिलिमीटरचा दणकट प्रोजेक्टर होता, अख्खं पटांगण उजळून टाकणारा. तेव्हा दामूला लहान फिल्मवरून मोठ्या फिल्मवर चढवायचं. मुंबईत हे काम करणारे होते, पण त्यांचा भाव ऐकून कमलाकांत दुकानाच्या पायरीवरूनच परतला. त्याने मग एका ओळखीच्याकडून सोळा मिलिमीटरचा, किल्ली देऊन चालणारा कॅमेरा उसना आणला आणि मुदत संपलेली फिल्म स्वस्तात उचलली. मंगलाच्या शिलाई मशीनचं लोखंडी स्टँड माळ्यावर गेलं. त्याच्या एका टोकाला छोटा प्रोजेक्टर, आत स्कूटरचा बल्ब, बल्बपुढे नकाशे गिरवायचा पातळ कागद, उजेड सारखा पसरावा म्हणून. दुसऱ्या टोकाला कॅमेरा, त्याचं तोंड सरळ प्रोजेक्टरच्या तोंडात. दोघांच्या मध्ये प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा, बाहेरचा उजेड शिरू नये म्हणून.

आता प्रोजेक्टरचं चाक हाताने फिरवून एक चित्र पुढे घ्यायचं, कॅमेऱ्याचा खटका एकदा दाबायचा. पुन्हा चाक, पुन्हा खटका. असं हजारो वेळा. ज्या माणसाला जेवताना ताटावर धड बसवत नाही, त्याने हे काम अंगावर घेतलं होतं! रस्त्यावरून एसटी गेली की माळा हादरे, मग थांबायचं. पाय शिवशिवायचे, मान अवघडायची, उठून तो पाइपच बदलावा असं वाटायचं. तो शिव्या देई, कधी स्वतःला, कधी एसटीला, आणि पुन्हा चाकाला हात घाली. पहिली फिल्म धुऊन आली ती पांढरीफटक. पाइपाच्या सांध्यातून उजेड शिरला होता. कमलाकांत माळ्यावर जाऊन चक्क रडला. मंगलाने वर चहा नेऊन दिला. "माजी मशीन अडकलीच हाय, तर आता पुरं करूनच खाली या," ती म्हणाली. त्याने सांध्याला काळं कापड शिवून घेतलं आणि पहिल्या चित्रापासून पुन्हा सुरुवात केली.

दुसरी फिल्म आली. उजेडासमोर धरून भिंगातून पाहिली, तर होडी होती, दामू होता. पुरे! कोळीवाड्यात देवळापुढच्या पटांगणात दोन बांबूंवर धुतलेलं शीड ताणलं. आत्माराम सुट्टीच्या संध्याकाळी टेम्पोतून प्रोजेक्टर घेऊन आला. आधी घरी लावून बघू, असं तो म्हणत होता, पण कमलाकांतला तेवढा दम कुठला? अंधार पडता पडता सगळा कोळीवाडा गोळा झाला. येसूबाई मधोमध बसली. तिच्या मांडीवर रिकामी पाटी होती, सवयीने आणलेली.

यंत्र घरघरलं आणि शिडावर खाडी उमटली. चित्र मोठं झालं होतं तसं भरभरीतही झालं होतं. सगळ्या पाण्यावर रवा उधळल्यासारखे कण नाचत होते. मग होडी शिरली. होडी आली डावीकडून.

कमलाकांत यंत्राकडे धावला. त्याला क्षणात चूक उमगली. प्रोजेक्टर फिल्मच्या मागून पुढे उजेड टाकतो, आणि त्याचा कॅमेरा पुढे बसून मागे पाहत होता. काचेच्या दारावर बाहेरून लिहिलेलं आतून वाचावं, तसं सगळं उलटं उतरलं होतं. डावं ते उजवं झालं होतं. इतकी वर्षं, ती मशीन, दोन-दोन फिल्मा, आणि शेवटी त्याने नारळ सोलायचं यंत्रच केलं होतं!

तोवर पटांगणात काहीतरी हललं. एक बाई उठली, मग दुसरी. पदर खोचत कोळीवाड्यातल्या सगळ्या बाया उभ्या राहिल्या. समुद्राकडून होडी येताना दिसली आणि पाय आपोआप उठले. येसूबाईही उठली. शिडावर पुरुषभर उंचीचा दामू सुकाणू धरून उभा होता. चेहरा धूसर होता, पण उभं राहायची ढब त्याचीच. त्याने हात वर केला. येसूबाईने पाटी डोक्यावर घेतली आणि एक पाऊल पुढे टाकलं. होडी उजवीकडे सरकत धक्क्याच्या बाजूला गेली. शीड पांढरं झालं.

"उलटं आलंय रे," आत्माराम पुटपुटला. "रीळ पलटून चढवतो. दोन्ही कडांना भोकं आहेत, चालतं. दोन मिनिटांचं काम."

कमलाकांत कधीच यंत्रापाशी पोचला होता. "येसूबाय, चुकलं माजं. उलटं लागलंय. तो येत नाय, तो जातोय. आता सरळ करून दावतो."

"सरळ नको करू," येसूबाई म्हणाली.

"पण हे खोटं हाय."

"मला ठावं नाय काय? त्याचा हात बघला मी. डाव्या हातान् माजा दामू जेवलाबी नाय कदी." तिने डोक्यावरची पाटी सावरली. "जाताना मी नाय बघला त्याला. मंग किती वर्सं धक्क्यावर येतंय मी, सगळ्यांच्या होड्या येतात. आज माजी आली. तशीच लाव."

आत्माराम रीळ हातात धरून कमलाकांतकडे पाहू लागला. कमलाकांतची बोटं त्या रिळाकडे धावत होती. पलटलं की झालं, एकदाच, निदान बरोबर कसं दिसतं ते बघण्यापुरतं. आयुष्यात त्याने बिघडलेली वस्तू तशीच ठेवली नव्हती, धड असलेलीही नव्हती. त्याने दोन्ही हात खिशात कोंबले.

"तसंच चढव," तो म्हणाला.

आत्मारामने दिवा लावला. डावीकडून होडी आली, आणि सगळ्या बाया पुन्हा उठल्या.