मशीनला पाजलेले तेल

जाड चामडे शिवणारे मशीन जड चालू लागले, तर पहिल्यांदा चाकावरचा पट्टा उतरवावा आणि वरचे चाक हाताने फिरवून पाहावे. चाक हलके फिरले तर दोष खाली, पायट्यात. जड फिरले तर दोष वर, डोक्यात. हे मला बारा वर्षांपासून येत होते. तरी त्या हिवाळ्यात खोडाळ्याला माझे नऊ दिवस गेले.

जव्हार संस्थान विलीन झाले तेव्हा मी संस्थानच्या पागेत कामाला होतो. खोगिरे शिवणे, तंग बदलणे, लगामाच्या वाद्या सांधणे हे माझे काम. विलीनीकरणानंतर घोडी गेली, पागा बंद झाली आणि सामानाचा लिलाव झाला. मशीन मी घेतले. त्याच्यासाठी दुसऱ्या कुणी बोलीच लावली नाही. मग दीड वर्ष जव्हारात पिशव्या, कमरेचे पट्टे, चपलांचे तळ अशी फुटकळ कामे करून पाहिली. चार माणसांचे घर त्यावर चालेना. शेवटी बायको आणि दोन मुलींना इगतपुरीला मेहुण्याकडे ठेवले आणि मशीन बैलगाडीत घालून मी खोडाळ्याला आलो. तिथे बाजार भरत असे आणि मोखाड्याच्या जंगलातले लाकूड वाहणाऱ्या गाड्या तिथूनच जात. गाडी म्हणजे बैल आणि बैल म्हणजे चामडे, असा माझा विचार होता.

विचार चुकीचा नव्हता, पण सावकाश खरा होत होता. बाजाराच्या दिवशी माणसे येत, तुटलेली वादी दाखवत, बसत, बोलत. उरलेले सहा दिवस कुणी येत नसे. एका मंगळवारी, सहज म्हणून, दिवसभरात मी किती वाक्ये बोललो ते मोजले. अकरा झाली. त्यांतली नऊ शेजारच्या म्हातारीशी होती.

माझी खोली म्हणजे तिच्याच घराचा एक भाग, मधे कुडाची भिंत. घर तिच्या मुलाच्या नावावर होते, पण तो आणि त्याची बायको दिवसभर शेतावर किंवा मजुरीला. दुपारी ती सुपात नागली घेऊन माझ्या उंबऱ्यावर येऊन बसे. तिची घरची बोली वेगळी. माझ्याशी ती मराठीत बोले, पण ती मराठी पागेतली नव्हती आणि शाळेतलीही नव्हती. सुरुवातीला मला अर्धे कळत नसे. पुढे सगळे कळू लागले.

पहिल्याच आठवड्यात तिने मशीनकडे बोट करून विचारले होते, “हे काय खातं?”

“खात नाही, आजी. तेल पितं.”

“रोजचं?”

“रोजचं. नाही पाजलं तर रडतं.”

ती हसली. “माझा नातूही तसाच.”

पौषात लाकडाचा एक ठेकेदार माझ्या दाराशी थांबला. त्याच्या वीस गाड्या होत्या.

“मिस्त्री, चाळीस गळपट्टे पाहिजेत, घुंगरांचे. बत्तीस इंच लांब, दुहेरी शिवण. चोवीस दिवसांत.”

“देतो.”

“देतो म्हणू नका, मोजून सांगा. चुकलात तर मी नाशिकहून आणीन.”

“आणि वेळेत दिले तर?”

“तर वर्षभर माझ्या सगळ्या गाड्यांचा साज तुमच्याकडे.”

त्याच आठवड्यात मेहुण्याचे पत्र आले होते. होळीपर्यंत वाट पाहू, असे त्याने लिहिले होते. तोपर्यंत तिथे काम बसले तर कुटुंबाला घेऊन जा, नाहीतर मशीन विकून इकडे या आणि माझ्या दुकानात हात लावा. पत्राखाली बायकोच्या अक्षरात एक ओळ होती: धाकटी विचारते, बाबा दिसतात कसे. ठेकेदाराचे वर्षभराचे काम मिळाले तर मला कुटुंब आणता येणार होते, नाही मिळाले तर नाही. इतके ते सरळ होते.

मी मोजले. बत्तीस इंचाच्या दोन रांगा, इंचाला सहा टाके, म्हणजे पट्ट्याला तीनशे चौऱ्याऐंशी टाके. कापणे, कडा रापीने तासणे, कडी बसवणे धरून दिवसाला दोन पट्टे आरामात होत होते. वीस दिवसांत चाळीस, वर चार दिवस शिल्लक. पहिल्या चार दिवसांत आठ झाले. मग चामडे आणायला दोन दिवस जव्हारला गेलो आणि किल्ली म्हातारीकडे दिली.

सातव्या दिवशी सकाळी मशीनवर बसलो तर पायटा दबेना. दोन्ही पायांनी जोर केला तेव्हा चाक अर्धे फिरले आणि थांबले. जोर करून चार इंच शिवण घातली, तर दर चौथा-पाचवा टाका चुकलेला.

टाका चुकतो त्याची कारणे ठरलेली असतात. सुई वाकलेली असते, किंवा तिची सपाट बाजू वळलेली असते. चामड्याच्या मानाने सुई बारीक असते. चामडे ओलसर असेल तर ते सुईला धरून ठेवते आणि दोऱ्याचा फास नीट पडत नाही. शिवणीच्या खालच्या अंगाला दोऱ्याची वेटोळी दिसली तर वरचा ताण सैल, आणि खालचा दोरा वर ओढला गेला तर वरचा ताण जास्त. मी सुई बदलली. दोरा बदलला, त्याला नवे मेण दिले. ताणाचा स्क्रू पाव फेरा सैल केला. हे सगळे मी एकाच सकाळी केले आणि हीच माझी पहिली चूक. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दहा इंच शिवून पाहावे, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. झालेही तसेच. दुपारी मशीन उत्तम चालू लागले आणि मला वाटले, सुईच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

तेव्हा पट्टा उतरवून चाक हाताने फिरवले. जड होते. दोष डोक्यात. खालचा दोरा फिरवणारे शटल उघडून पाहायचे तर उजेड हवा, म्हणून ऊन दारात येईपर्यंत थांबलो आणि मशीन दाराशी ओढून उघडले. आत काही नाही. अडकलेला दोरा नाही, मोडलेल्या सुईचा तुकडा नाही, शटलच्या टोकाला खरवड नाही. पुन्हा जोडले आणि ते चालू लागले. असे दोन वेळा झाले. ते दोन दिवस उघडण्या-जोडण्यातच गेले, एकही पट्टा झाला नाही. बाकीच्या दिवशी दुपारनंतर जेमतेम एक होई.

म्हातारी विचारी, “रडं का अजून?”

“रडतं.”

“जेवलास का नाय?”

“जेवलो.”

“काय जेवलास? चूल तर पेटली नाय तुझी.” आणि ती भाकरी-भाजी आणून ठेवी.

शेवटी मी कागदावर वेळा लिहायला घेतल्या. मशीन किती वाजता मोकळे झाले, एवढेच. साडेदहा. अकराला दहा कमी. साडेदहा. पुढच्या दिवशी आभाळ भरून होते आणि ऊन पडलेच नाही. त्या दिवशी मशीन दुपारी दोनपर्यंत मोकळे झाले नाही. या चार ओळी मी कितीदा वाचल्या कोण जाणे. मग ध्यानात आले की मी मशीन प्रत्येक वेळी उन्हात उघडत होतो. ज्या उजेडात मी रोग शोधत होतो, त्यानेच तो बरा होत होता.

पंधराव्या दिवशी मी उन्हाची वाट पाहिली नाही. अंगावर घोंगडी घेऊन, कंदील जवळ धरून, थंडीतच शटल उघडले. आत फिकट पिवळे, घट्ट, थिजलेल्या तुपासारखे काहीतरी भरले होते. बोटावर घेऊन चोळले, तर विरघळले. वास घेतला. रोज दुपारी माझ्या पुढ्यात येणाऱ्या भाजीचा वास. मोहाच्या बियांचे तेल. त्या गावात घरोघर तेच खातात आणि थंडीत ते गोठते.

त्या दुपारी म्हातारी सूप घेऊन आली.

“आजी, मशीनमध्ये तेल तू घातलंस?”

“मीच पाजलं!” ती खुशीत म्हणाली. “तू जव्हारला गेलास तेव्हा पाजलं. मग रोज तू सांजचा नदीवर जायचास, तेव्हा पाजलं.”

“अगं, ते खायचं तेल आहे!”

“मग? पोटात घालायचं ते खायचंच घालायचं ना? घासलेट पाजू काय त्याला?”

आज हे लिहिताना मला हसू येते, कारण त्या मशीनला त्या वेळी घासलेटच हवे होते. त्या दिवशी हसू आले नाही. मी कागद तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत नव्हते हे मला माहीत होते.

“नऊ दिवस,” मी म्हणालो. “तुझ्या तेलानं माझे नऊ दिवस बुडाले. आता पंचवीस पट्टे राहिले आणि दिवसही नऊच राहिले. माझी बायकामुलं यायची होती, ती आता येत नाहीत. परत या मशीनला हात लावू नकोस.”

ती उठली. सुपातली नागली सांडू नये म्हणून सूप सरळ धरून उठली. “रडत होतं, म्हणून,” एवढे म्हणाली आणि गेली.

सोळावा दिवस धुण्यात गेला. पाठीमागची झाकणी काढून, तेलाच्या एकूण एक भोकात घासलेट सोडून, चाक हाताने मागेपुढे फिरवत राहायचे. काळे पाणी गळते ते फडक्याने टिपायचे. गळणारे घासलेट स्वच्छ दिसेपर्यंत हे करायचे. मला सात वेळा करावे लागले. मग सगळे कोरडे करून मशीनचे पातळ तेल प्रत्येक भोकात दोन थेंब, जास्त नाही. पहिली हातभर शिवण टाकाऊ चामड्यावर घालायची, नाहीतर उरलेले तेल चांगल्या चामड्यावर डाग पाडते.

चौथ्या का पाचव्या फेऱ्याला, चाक फिरवता फिरवता, ते मला आठवले. तेल पितं. रोजचं. नाही पाजलं तर रडतं. हे मीच तिला सांगितले होते. कोणते तेल ते मी सांगितले नव्हते आणि तिच्या घरात तेल एकच होते.

तिथल्या तिथे उठून कुडापलीकडे जायला दहा पावले पुरली असती. मी गेलो नाही. हाताला घासलेट होते. शिवाय डोक्यात आकडे होते: उरलेले आठ दिवस, दिवसाला तीन, म्हणजे चोवीस, आणि पंचविसावा हाताने. आधी पट्टे, मग बोलणे, असे मी ठरवले. त्या आठ दिवसांत ती उंबऱ्यावर आली नाही. भाकरीही आली नाही. मशीन सकाळी सहालाही लोण्यासारखे चालत होते आणि खोलीत त्याच्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. पंचविसावा पट्टा मी सकाळच्या उन्हात बसून आरीने भोके पाडून, दोन सुयांनी शिवला. चाळिसांत तोच सगळ्यांत चांगला झाला.

ठेकेदाराने चाळीसही मोजले, तीन ओढून पाहिले आणि म्हणाला, “मिस्त्री, वर्षभर.”

मी त्याच संध्याकाळी इगतपुरीला पत्र टाकले आणि मग शेजारी गेलो. अंगणात तिचा मुलगा कोयत्याला धार लावत होता.

“आजी कुठं आहेत?”

“आई? वांगणीला गेली, लेकीकडं. परवाच.”

“केव्हा येतील?”

“येल. पावसाआधी येल.” त्याने वर पाहिले. “काही सांगायचं होतं?”

“नाही,” मी म्हणालो.

होळीला आठ दिवस असताना बायको आणि मुली लाकडाच्या रिकाम्या ट्रकमधून आल्या. एकोणीस महिन्यांनी. मोठी लगेच मशीनच्या पायट्यावर चढली. धाकटी आईच्या पदरामागून पाहत राहिली. रात्रीच्या जेवणाला बायकोने विचारले, “आणखी भात वाढू?”

“नाय,” मी म्हणालो.

ती वाढायची थांबली. “हे कुठलं नाय?”

मोठी खिदळली आणि ताटावर पळी आपटत “नाय, नाय” करत सुटली. धाकटीही हसली, पदराबाहेर आली. एकोणीस महिने मी कुणाचे बोलणे ऐकत होतो हे त्यांना सांगायला हवे होते. मी भात खात राहिलो.

म्हातारी जूनच्या सुरुवातीला आली. माझ्या बायकोशी तिचे दोन दिवसांत जमले. दुपारी दोघी उंबऱ्यावर बसत, नागली निवडत, माझ्या मुलींना नावे ठेवत, हसत. मी बाजारातून आलो की ती उठे आणि सूप घेऊन आपल्या घरात जाई. रागाने नव्हे. कामाचा माणूस आला, आता बसू नये, अशा रीतीने.

एकदा मी तिला दारातच थांबवले.

“आजी, ती चूक माझी होती.”

“कसली?”

“तेलाची. मीच तुला सांगितलं होतं पाजायला.”

“तेल होय,” ती म्हणाली. तिने माझ्या दंडावर हात ठेवला, घाबरलेल्या पोराला समजवावे तसा. “नको भिऊ, बाबा. आता नाय मी पाजीत.”

आणि सूप सरळ धरून ती गेली.