नऊ साखळ्या बारा आणे

तिचं मला बघवत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या मोजणी कार्यालयात मी तीस वर्षं काढली. तेहतीस फुटांची साखळी उन्हातान्हात ओढून गुडघे झिजवले. आणि ही बदलून आलेली बाई खुर्चीवर बसून शेताचे दोन तुकडे करायची. पडद्यावर गटाची आकृती यायची, तिला ती पॉलिगन म्हणायची. जुनी मापं टाकली की मधून रेघ जायची आणि दोन्ही हिश्श्यांची बेरीज आपोआप जुळायची. मला तेवढ्याला दोन दिवस लागायचे. साहेब पूर्वी माझ्या टेबलाशी उभं राहून चहा प्यायचे, आता तिच्या टेबलाशी प्यायला लागले.

पोटात दुखायचं, दुसरं काय! घरी बायकोपुढे मी तिच्या नकाशातल्या अक्षराला नावं ठेवायचो. बायको म्हणायची, "अवो, ते कॉम्प्युटरचं अक्षर हाय."

एकदा वालूरकडचा एक गट फोडायला आला. थोरला भाऊ आणि धाकट्याची विधवा, दोघांचे हिस्से जुन्या टिपणाप्रमाणे वेगळे करायचे होते. विहीर बाईच्या हिश्श्यात, पण हद्दीला अगदी चिकटून. टिपण म्हणजे जुन्या मोजणीची नोंद, आणि ती असते साखळी-आण्यांत. सोळा आण्यांची एक साखळी. तिथे ९.१२ लिहिलं असलं तर नऊ साखळ्या बारा आणे, म्हणजे पावणेदहा साखळ्या. आमच्या पिढीला हे कुणी सांगावं लागत नाही.

पाणी प्यायला उठलो तेव्हा तिच्या मागून पडद्याकडे नजर गेली. तिनं ९.१२ तसंच टाकलं होतं. यंत्राला आणे कुठले कळायला? त्यानं नऊ साखळ्या आणि वर जेमतेम दोन आणे धरले. रेघ एकवीस फूट सरकली आणि विहीर दिराच्या बाजूला गेली. बेरीज मात्र बरोबर होती, म्हणून तिला शंकाही आली नाही.

शब्द माझ्या जिभेवर आला होता. तेवढ्यात साहेब म्हणाले, "बघा, किती साफ काम!" मी ग्लास ठेवला आणि जागेवर जाऊन बसलो. म्हटलं, पडू दे शेतात तोंडघशी. दुसऱ्या दिवशी दोन्ही पक्षांना कच्चा नकाशा दाखवला गेला, तेव्हाही मी फाइलीत डोकं घालून होतो. तिचं पितळ उघडं पडणार या आनंदात मला त्या आठवड्यात छान झोप लागली. हे लिहिताना आज लाज वाटते.

हद्दीच्या खुणा दाखवायच्या दिवशी साहेबांनी मलाही सोबत पाठवलं. फक्कीची पांढरी रेघ विहिरीच्या अलीकडून निघाली. गाव जमलेलं होतंच. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "मॅडम, टिपणातलं माप आण्यांत असतं."

ती क्षणभर गोरीमोरी झाली. मग तिथेच माप दुरुस्त केलं, रेघ पुसायला लावली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "चूक माझी आहे. आज सर सोबत होते म्हणून निभावलं. ऑफिसात त्यांच्या नजरेस पडलं असतं, तर त्यांनी तिथेच धरलं असतं."

लोक माझ्याकडे कौतुकानं बघत होते. याच घटकेची मी आठ दिवस वाट पाहिली होती, आणि आता कुठे बघावं ते मला कळेना.

विधवा पुढे आली. "लय उपकार झाले, भाऊ. त्यो नकाशा बघून दिरानं माझी मोटारच काढून टाकली. म्हणला, हीर आता माझी हाय. आठ दिस झाले, पाणी न्हाई. वांगी वाळायलीत."

तिनं बोट दाखवलं तिकडे मी पाहिलं. झाडं उभ्या उभ्या माना टाकून होती.

"असू द्या," ती म्हणाली, "हीर तर वाचली."

मग ती त्या वाफ्यांत शिरली, वाकून वाकून चार बरी वांगी शोधली आणि पदरातून आणून माझ्या पिशवीत घातली.