तय्यबचा हात पोचतो तिथवर

तय्यबला कुणी नावं ठेवलेली मला चालत न्हाईत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्हीबी ठेवाल.

मी लिंबाजी. एसटीत कंडक्टर होतो, आता घरीच बसून हाय. आमचं गाव औशाहून निलंग्याकडं जाताना लागतं. गावाला जुनी वेस हाय आन् त्या वेशीचा दरवाजा तय्यब लोहाराच्या घराण्याकडं. सागाचा, खालपासून वरपर्यंत लोखंडी पत्रे आन् बोटाएवढे खिळे ठोकलेला, निजामाच्याबी आधीचा. तय्यबचा बाप दरसाल उरुसाच्या आधी शिडी लावून त्याला जवसाचं तेल पाजायचा. त्यातून घरात दाणा येत नव्हता. पण तय्यबला कुणी इचारलं, भाई तुम्ही कोण, तर तो आडनाव सांगत न्हाई. "वेशीवाला तय्यब" म्हणतो.

आमच्या लोकांची चौदा एप्रिलची मिरवणूक पूर्वी वेशीच्या भायेरूनच वळवायचे. ज्या साली ती पहिल्यांदा वेशीतून आत आली, त्या साली दरवाजा उघडायला तय्यबचा बाप उभा होता. मी माझ्या बापाच्या खांद्यावर बसून ते पाहिलंय. तवापासून मिरवणूक वेशीपाशी थांबते, कडी वाजवते आन् आतून त्याच घरचा माणूस दरवाजा उघडतो. बापामागं हे काम तय्यबनं केलं. वर जयंतीच्या दोन दिस आधी तो चिंच आन् मीठ घेऊन दरवाजा घासायचा. खिळे असे चमकायचे की बघत राहावं. चिंच आमच्या झाडाची.

दोन वर्षांमागं खालचे पत्रे फुगाया लागले, हात लावला की पापुद्रे गळायचे. सरकारी माणसं आली, पाहून गेली. दरवाजा उतरवावा लागंल, म्हणाली. तय्यबनं जेवणच सोडलं. त्याची बायको, जाहिदाभाबी, रडत माझ्याकडं आली. मी गेलो तर मला म्हणतो, "लिंबाजी, दरवाजा उतरला तर मी कुठं उभा राहू रे?"

मग मला माझी लेक आठवली. धम्मप्रिया नांदेडला शिकते, जुन्या इमारतींचा गंज उजेडानं तपासते. फोनवर मी छाती फुगवून सांगितलं, "ये बाई, आपल्या चाचाचा दरवाजा वाचव." मलाच काय माहीत!

ती आली, हातात ड्रिल मशीनएवढं यंत्र. भर दुपारचं ऊन आड यावं म्हणून जाहिदाभाबीचा काळा बुरखा दरवाज्यावर धरला, त्याच्याखाली ती पत्र्यावर लाल उजेडाचा ठिपका टाकायची. परत आलेला उजेड यंत्र फोडून बघतं आन् पडद्यावर डोंगरासारखी रेघ उमटते. तय्यब पोरासारखा मागं मागं. "बेटी, ये क्या बोल रहा?"

ती म्हणाली, "चाचा, गंज एका जातीचा नसतो. डोळ्याला सगळा तांबडाच दिसतो, पण प्रत्येकाची रेघ वेगळी. एक गंज लोखंडाला धरून बसतो, सालीसारखं राखतो. एक आतून खात सुटतो."

"मग आपला राखणारा असंल," तय्यब हसून म्हणाला. लई दिवसांनी हसला होता.

तिनं शिडी लावून वरून सुरुवात केली. वर राखणारा गंज. बापाचं तेल, जुनं, काळं, घट्ट. तय्यबनं माझ्या पाठीत थाप मारली. मग ती खाली आली. जिथं खाणारा गंज निघाला तिथं खडूनं खूण करत गेली. एक खूण, दहा, चाळीस. खुणा जोडल्या तर दरवाज्यावर आडवी रेघ झाली. तिच्या वर सगळं धड, तिच्या खाली सगळं सडलेलं.

"हा गंज मिठाशिवाय तयार होत न्हाई," ती हळू म्हणाली. "इथं तर समुद्र न्हाई." मग तिनं तय्यबकडं पाहिलं. "चाचा, जरा हात वर करता का?"

तय्यबनं हात वर केला. बोटं बरोब्बर रेघेला टेकली.

त्यानं हात खाली घेतलाच न्हाई, मला धरून खाली आणावा लागला. तीस वर्षं, दर एप्रिलला, त्यानं स्वतःच्या हातानं दरवाज्याला मीठ चारलं होतं. तेलाला शिडी लागायची, घासायला मात्र तो जमिनीवर उभा राहायचा. वरचं वाचलं ते त्याचा हात पोचला न्हाई म्हणून.

सरकारी माणसं पुन्हा आली. साहेबानं इचारलं, मिठाची ही अक्कल कुणाची?

"मेरी," तय्यब म्हणाला. "माझ्याच डोक्यातून निघालं, साहेब." माझ्याकडं त्यानं नजरसुद्धा वळवली न्हाई.

आता ऐका. अक्कल माझी होती. त्र्याण्णवच्या भूकंपानंतरच्या एप्रिलात मीच त्याला टोचलं होतं, "उरुसाला तेल लावतोस, मग आमच्या जयंतीला दरवाजा मळकाच का? आमच्या घरचं पितळ बघ कसं चमकतं." आन् माझ्या बायकोकडून, चांगुणाकडून, चिंच-मिठाचं भगुलं मीच नेऊन दिलं. त्यानं बिचाऱ्यानं दोस्ताचा शब्द म्हणून घासलं. साहेबापुढं मी त्याच्या शेजारीच उभा होतो. तोंड उघडलं न्हाई. थू माझ्या जिंदगानीवर!

फेब्रुवारीत दरवाजा उतरवला. उचलताना खालचे पत्रे भाकरीच्या पापुद्र्यासारखे तुटले. उरलेला लातूरला नेला. धड लोखंड औषधाच्या पाण्यात ठेवतील, पण उघड्यावर पुन्हा टांगणार न्हाईत.

यंदाची मिरवणूक वेशीपाशी आली आन् सवयीनं थांबली. वाजवायला कडी न्हाई, उघडायला माणूस न्हाई. मागून कुणीतरी म्हणालं, "तय्यबनं खाल्ला दरवाजा." माझ्या हातात निळा झेंडा होता. मी ऐकलं आन् चालत राहिलो. तय्यब घराच्या भायेर निघतच न्हाई आता. मी जातो, तो चहा पाजतो, एक शब्द त्या गोष्टीचा काढत न्हाई. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा धम्मप्रियाचा फोन आला. "बाबा, दरवाज्याचा अहवाल पूर्ण करतेय. कारणाच्या रकान्यात काय लिहू? चाचांनी स्वतःच मिठानं घासायला सुरू केलं, कुणी सांगितलं नव्हतं, असंच ना?"

यंत्र माझ्यावर धरलं असतं तर काय रेघ उमटली असती कुणास ठाऊक.

"हाव," मी म्हणालो. "तसंच लिही."