पुंजण्याचा विषय आणि अपुरा कोरम

‘‘विषय सहा. कोणाची हरकत?’’ अध्यक्षांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता माझ्याकडे पाहिलं. मी ‘सर्वानुमते मंजूर’ लिहायला घेतलंही होतं. राज्याच्या विमा सल्लागार मंडळाचा मी सचिव. गप्प बसणं म्हणजे होकार, ही आमची रीतच होती.

बैठक चंद्रपूरला होती. कापलेला धान पावसात भिजला, तर विमा कधी लागू होणार, हा विषय. मसुदा लिहिला होता विमा कंपनीच्या प्रतिनिधींनी; तेही मंडळाचे सभासद. त्यात शब्द जुनेच ठेवले होते, ‘शेतात पसरलेले पीक’.

‘‘साहेब, थांबा जरा,’’ सावली तालुक्यातल्या शेतकरी सभासद शकुंतलाबाई म्हणाल्या. ‘‘आमी धान कापतो, चार दिवस वाळवतो, मंग भारे बांधून शेतातच पुंजना रचतो. मळणीची मशीन येतपर्यंत तो तिथीच राह्यते. तो भिजला तर विमा काऊन नाई? मागच्या साली आमच्या गावचे सारे अर्ज याच्याच पायी नामंजूर झाले.’’

‘‘बाई, आपण फक्त सल्ला देतो. निर्णय सरकारचा,’’ अध्यक्ष म्हणाले.

‘‘मंग सल्ला तरी सरळ द्या ना.’’

मला लाज वाटली. मसुदा लिहिणाऱ्या सभासदानं तो मंजूर होताना बाहेर बसावं, असं कलम आमच्या नियमावलीत होतं. उगाच वाईटपणा कोण घेणार, म्हणून मी ते कधी बैठकीपुढे आणलंच नव्हतं. त्या दिवशी वाचून दाखवलं. कंपनीचे गृहस्थ मुकाट्यानं उठून गेले.

मग मी डोकी मोजली. कोरम, म्हणजे निर्णयाला लागणारी किमान हजेरी, सातची. उरलो होतो सहा.

‘‘आता काय, सचिवसाहेब?’’ अध्यक्षांचा आवाज चढला होता.

‘‘विषय पुढच्या बैठकीत घ्यावा लागेल.’’

‘‘म्हंजे या साली बी आमचा पुंजना बाहेरच?’’ बाईंनी मला विचारलं. मी ‘विषय सहा तहकूब’ असं लिहिलं.

पुढच्या बैठकीत कोरम भरला. ‘रचलेले पुंजणे’ हे शब्द मसुद्यात आले, सरकारनं ते मान्यही केले. पण मधल्या काळात कापणी होऊन गेली होती. अवकाळी पाऊस आला, बाईंच्या गावचे पुंजणे भिजले, लोंब्यांना भाऱ्यातच कोंब फुटले. अर्ज जुन्याच शब्दांवर बोट ठेवून पुन्हा नामंजूर झाले.

मी बाईंना फोन केला.

‘‘तुमी नियम बराबरच वाचला, भाऊ,’’ त्या म्हणाल्या. ‘‘निस्ता उशिरा वाचला.’’

खरं होतं. नियम बैठकीची नोटीस काढताना वाचायचा असतो. तेव्हा वाचला असता, तर एक जण बाहेर बसणार हे ओळखून आणखी दोन सभासदांना फोन करून बोलावता आलं असतं.