अडकित्त्याने दोन केलेली गोळी

शलाकाने पाच ठिकाणी अर्ज टाकले होते, आणि चार ठिकाणांहून गोड शब्दांत नारळ मिळाला होता. पुण्यात बी.फार्म. केलेली ही बाई नवऱ्याच्या, यतीनच्या नोकरीमागून नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपला आली, डच शिकली आणि लायडनला पुन्हा पहिल्यापासून फार्मसी शिकली. आता तिला हवी होती हॉस्पिटलच्या औषधविभागातली चार वर्षांची उमेदवारी. जागा देशभरात मूठभर, आणि ज्याला त्याला आपल्याच भागातलं, आपल्याच प्रोफेसरांच्या ओळखीचं लेकरू हवं. ‘तुमचं आमच्या प्रांताशी नातं काय?’ असं एका ठिकाणी विचारलं. नातं कसलं डोंबल! पाचवा अर्ज होता थेट दक्षिणेला, लिम्बुर्गमधल्या हॉस्पिटलात. तोही गेला तर दुकानात उभं राहून नाकाचे स्प्रे विकायचे.

अशात घरात सासूबाई. सुहासिनीताई फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि कोरोनाने विमानंच बंद केली. सून बेकार, सासू कायम! तशा त्या गुणी. पण त्यांचा औषधांचा डबा म्हणजे देव्हारा, कुणी हात लावायचा नाही.

मे महिन्यात एका सकाळी त्या ओट्यापाशी धाडकन बसल्याच. डोळ्यांपुढे अंधारी, अंगाला घाम. शलाकाने रक्तदाब मोजला तर तो पार तळाला गेलेला. तेव्हा कुठे तिने धीर करून डबा उघडला. आत रक्तदाबाच्या गोळ्या, सगळ्या अर्ध्या, आणि शेजारी अडकित्ता.

“पुण्याहून तीनच महिन्यांच्या आणल्या होत्या गं,” सासूबाई ओशाळून म्हणाल्या. “संपत आल्या. तुमच्या मागे आधीच काय कमी व्याप आहेत? म्हटलं, अर्ध्यात भागवू.”

आता ही गोळी दिवसभर हळूहळू विरघळणारी. ती कापली की पोटात जाऊन एकदम सुटते. अर्धी घेतली म्हणून औषध कमी झालं असं मुळीच नाही, उलट दणका बसतो. हे शलाकाला झोपेतही सांगता आलं असतं. पण घरात फार्मसीच्या दोन-दोन पदव्या, आणि ‘आई, गोळ्या पुरताहेत ना?’ एवढं विचारायची छाती नाही. सुनेने सासूच्या डब्यात डोकवायचं नसतं ना! शलाकाला त्या दिवशी स्वतःची मनापासून लाज वाटली. डॉक्टरांना फोन करून तिने इथल्या गोळ्या सुरू करून घेतल्या.

जूनमध्ये मुलाखत झाली, अर्थात लॅपटॉपवर. यतीन आयटीतला, त्यामुळे तयारी दांडगी. पडद्याभोवती पिवळ्या चिठ्ठ्यांची तोरणं लावलेली. समोर तिघं जण, आणि मधल्या करड्या केसांच्या बाई प्रमुख. त्यांनी विचारलं, “औषधांच्या बाबतीत तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा.”

चिठ्ठीवर उत्तर तयार होतं, ‘मी फार बारकाईने काम करते, त्यामुळे वेळ लागतो.’ शलाकाने ते वाचलं आणि तिला शिसारी आली. मरू दे, म्हणत तिने सासूबाईंची अख्खी कहाणी सांगून टाकली.

बाई पुढे सरकल्या. “कशाने कापली म्हणालात?”

डचमध्ये अडकित्त्याला शब्द कुठून आणायचा? “आई, जरा अडकित्ता आणता का?”

सासूबाई दाराआडच उभ्या होत्या. डच ओ की ठो कळत नसताना त्या काय ऐकत होत्या देव जाणे. पदर सावरून आत आल्या, कॅमेऱ्यासमोर सुपारी धरली आणि कट्कन दोन तुकडे केले. तिघेही हसले.

मग बाई गंभीर झाल्या. “तुम्ही आमच्या भागातल्या नाही. मग आमच्याकडेच का?”

“मी इथे कुठल्याच भागातली नाही,” शलाका म्हणाली. “पण माणूस घरी गोळी कशी घेतो, हे मी आता प्रत्येकाला विचारणार आहे. त्याला ओळख लागत नाही. भीड सोडावी लागते, ती मी घरात सोडून बसलेय.”

गुरुवारी फोन आला. जागा मिळाली! सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. यतीनने तिला उचलायचंच बाकी ठेवलं, आणि मग पाचच मिनिटांत त्याचं तोंड उतरलं. “म्हणजे तिकडे खोली घेऊन राहणार? अर्धा वेळ करता येतं का विचार ना. नाहीतर वर्षभर थांब, जवळपास मिळेल काहीतरी.”

आणि आमची शहाणी ही, जी तिघांसमोर वाघीण झाली होती, ती नवऱ्यासमोर चक्क म्हणाली, “विचारून बघते.”

सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांनी ताट बाजूला सारलं.

“काही विचारायचं नाही,” त्या म्हणाल्या. “घरच्यांना त्रास नको म्हणून मीही अर्ध्यात भागवायला गेले होते. कशी पडले ते पाहिलंस ना? तू अख्खी घे. आणि यतीन, तू ये इकडे, मटार सोल.”

यतीनने ताट पुढ्यात ओढलं. शलाकाने सोमवारची वाट न बघता फोन लावला.