खिडकीपाशी राखलेली जागा

माझी लेक काय काम करते, हे मला अजून धड सांगता येत नाही. राजेश्वर गावच्या बाजारात कुणी विचारलं तर मी म्हणतो, कॉम्प्युटरचं. विचारणारा मान हलवतो. त्यालाही कळत नसतं, म्हणून आमचं भागतं.

तिची आई गेली त्याला वर्ष होत आलं. माती द्यायला लेक हैदराबादहून आली ती इथंच राहिली. घरून काम करायला कंपनीनं हो म्हटलं. मी तिला राहा म्हणालो नाही, जा पण म्हणालो नाही. घरात भाकरीचा वास पुन्हा यायला लागला एवढं खरं.

माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही अर्धी कानडी, अर्धी मराठी. जन्मभर शेती केली. आणि गावच्या मठात जत्रेला दासोह असतो, येईल त्याला जेवण, तिथली पंगत मी चाळीस वर्षं लावली. किती चुली पेटवायच्या, किती वाढपी उभे करायचे, कोण कुठं बसणार, सगळं मी सांगायचो आणि लोक ऐकायचे. हे एवढ्यासाठी सांगतो, की मला काहीच कळत नाही असं नाही.

घर तीन खोल्यांचं. मधल्या खोलीला एकच खिडकी, बसवकल्याणच्या रस्त्याकडं तोंड करून. त्या खिडकीपाशी हिची, म्हणजे लेकीच्या आईची, बाज. शेवटचे चार महिने ती त्या बाजेवरच होती. गेल्यावर मी वाकळ धुतली, घडी करून पायथ्याशी ठेवली, आणि बाज जिथल्या तिथं राहू दिली. तिच्यावर कुणी बसायचं नाही. थोरली वहिनी भेटायला आली आणि सवयीनं टेकली, तर मी म्हणालो, "उठा वहिनी, तिथं न्हाई बसायचं." ती उठली, चहा न पिता गेली, परत आली नाही. आली नाही तर नाही.

लेकीनं आपलं टेबल आतल्या अंधाऱ्या खोलीत, ज्वारीच्या कणगीशेजारी मांडलं. मधूनमधून ती मोबाईल घेऊन अंगणात जाऊन उभी राहायची. मला वाटायचं, पाय मोकळे करायला जाते.

एक दिवस मी तिच्या मागं जाऊन उभा राहिलो.

"काय लिव्हायलीस एवढं?"

"अर्ज लिव्हायलेय, अप्पा."

"कुणाला?"

"मशीनला."

मला राग आला. म्हातारा झालो म्हणून चेष्टा करायलीस काय, म्हणालो. ती हसली आणि मला पत्र्याच्या डब्यावर बसवलं. म्हणाली, कॉलेजात प्रवेश घ्यायचा तर पोरं फॉर्म भरतात, ते फॉर्म घेणारी साईट तिच्या कंपनीची. आत सगळी कामं वाटून दिलेली. एक प्रोग्राम नाव लिहून घेतो, एक मार्क तपासतो, एक फोटो घेतो. प्रत्येकाचा आपला डबा, एकाचं दुसऱ्यात सांडत नाही. गर्दी वाढली की त्याच डब्याच्या नकला उभ्या करायच्या, कमी झाली की काढून घ्यायच्या.

"म्हंजे वाढपी," मी म्हणालो.

"व्हय, वाढपीच."

"मग उभं राहून सांग की. अर्ज कशाला?"

"ते हितं कुठं हाईत? एक ठरलेला पत्ता असतोय, त्याच्यावर ठरलेल्या नमुन्यात लिव्हून पाठवायचं. कमीत कमी चार ठेव, जास्तीत जास्त वीस कर. प्रत्येकाला एवढी जागा राखून ठेव, आन् याच्यापेक्षा जास्त घेऊ देऊ नको. मग तिकडनं उत्तर येतंय."

तहसीलची खिडकी म्हणजे. हे मला पटलं. तिथंही नमुना चुकला की कागद परत. पण पुढं मी विचारलं ते नसतं विचारलं तर बरं झालं असतं.

"आन् एखाद्यानं जास्त जागा घेतली तर?"

"मशीन त्याला मारून टाकतंय."

"मारतंय?"

"आन् लगेच दुसरा उभा करतंय. हुबेहूब तसाच."

मी डबा थोडा पुढं सरकवला. मग विचारलं, "दुसऱ्याला पहिल्याचं काही आठवतंय का?"

तिनं टाईप करायचं थांबवलं. "न्हाई, अप्पा," म्हणाली. मी उठून म्हशीला पाणी दाखवायला गेलो. ते आधीच दाखवलेलं होतं.

फॉर्म सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तिच्या साहेबाचा फोन आला. स्पीकर लावलेला होता, मी ऐकलं. साहेब गोड बोलत होता, पण बोलला ते असं, की उद्या पहिल्या तासात काही अडकलं तर तुला इथं ऑफिसात यावं लागेल, खेड्यातून हे काम जमणार नाही. ती फक्त यस सर म्हणाली. संध्याकाळी भाकरी थापताना तिनं दोन करपवल्या. मी करपलेल्याच खाल्ल्या. ती गेली तर मी काय करीन, हा विचार मनात यायला लागला, म्हणून दोनदा मीठ मागून घेतलं.

सकाळी दहाला फॉर्म उघडले. मी दारात बसलो होतो, तिथून पडदा दिसायचा. किती पोरं आली ते दाखवणारी एक रेघ होती, ती शेतातल्या सापासारखी वर चढायला लागली. फोटो घेणारा डबा कमी पडायला लागला. तिनं अर्ज पाठवला, वीस कर.

"आलं उत्तर?" मी विचारलं.

"आलं. मान्य म्हणतंय."

"मग झालं की!"

"न्हाई ना. सहाच उभे हाईत. चौदा जण नुसते वाट बघायलेत."

"मान्य म्हणलंय ना त्यानं?"

"मान्य म्हंजे कागद घेतला, अप्पा. काम झालं असं न्हाई."

हे मात्र मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ती भराभर काहीतरी शोधत होती. मग एकदम थांबली. "हे बघा. मागच्या वर्षीचा एक डबा हाय. त्याच्यासाठी निम्मी जागा राखून ठेवलीय. काम काहीच करंना. पण त्याच्या नावानं राखलीय म्हणून दुसऱ्या कुणाला देईना मशीन. जागा रिकामी हाय आन् हे चौदा भायेर उभे."

हे मी पाहिलेलं होतं.

एका जत्रेला मी पंगतीत पुढची अख्खी ओळ स्वामींसाठी राखून ठेवली होती. पत्रावळी मांडल्या, पाण्याचे तांबे ठेवले. दुसऱ्या गावाहून ते यायचे होते, आले नाहीत. उन्हाचा कडाका, बायका कडेवर लेकरं घेऊन मठाच्या भिंतीला चिकटून उभ्या. मी ओळ सोडली नाही. तेव्हा ही चुलीकडून हुग्गीची, गव्हाच्या खिरीची, बादली घेऊन आली, बादली खाली ठेवली, आणि मला न विचारता त्या बायकांना हाताला धरून ओळीत बसवलं. मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडलो. ती वाढता वाढताच म्हणाली, "न्हाई आलेल्याला जागा, आन् आलेल्याला ऊन? हे कुठलं दासोह?" बायका हसल्या. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिला काही फरक पडला नाही. तिनं दोन्ही दिवस माझ्या ताटात हुग्गी वाढली.

लेकीनं त्या जुन्या डब्याची जागा कमी करायचा अर्ज लिहिला. पाठवला, आणि पडद्यावर गोल फिरायला लागलं. फिरतंच राहिलं. नेट गेलं. ती लॅपटॉप उचलून अंगणात पळाली. तिथं उन्हानं पडदा दिसेना, आणि चार्जिंगची वायर दारापर्यंतच पुरली. फोन वाजला, साहेबाचा, तुटला, पुन्हा वाजला. ती परत आली आणि मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबली. खिडकीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग आत कणगीकडं वळली.

तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं, की खिडकीपाशी नेट येतं. हे तिला वर्षभर माहीत होतं. ती अंगणात पाय मोकळे करायला जात नव्हती.

"हिकडं ये," मी म्हणालो. "त्या बाजूनं धर."

"अप्पा, कामून?"

"धर म्हणलं ना. तुझी आई असती तर मला विचारलंबी नसतं."

बाज दारातून सरळ निघेना, आडवी करावी लागली. वाकळ खाली पडली, ती मी काखेत धरली. लेक रडत होती का घामानं तोंड ओलं होतं, बघितलं नाही. शेणानं सारवलेल्या भुईत बाजेच्या पायांचे चार खळगे पडले होते. तिनं टेबल आणून मांडलं, तर त्याचा एक पाय नेमका एका खळग्यात गेला आणि टेबल डुगडुगायला लागलं. मी खापराचा तुकडा खाली सारला. अर्ज गेला.

"मान्य?" मी विचारलं.

"मान्य."

या वेळी माझा त्या शब्दावर विश्वास नव्हता. मी तिथंच उभा राहिलो. वाट बघणारे चौदाचे नऊ झाले, मग तीन, मग एकही राहिला नाही. साहेबाचा फोन आला. आता आवाज तुटत नव्हता. पंधरा मिनिटं अडकलं होतं, पण निभावलं, म्हणाला. आणि म्हणाला, ठीक आहे, तिथूनच करत राहा. तिनं फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवणार होतो, पण काखेत वाकळ होती.

दुपारनंतर रेघ खाली आली आणि वीसचे चार झाले.

"बाकीचे कुठं गेले?"

"संपले, अप्पा. काम न्हाई राहिलं त्यांना."

"आन् हे चार कशाला मग?"

"कुणी न्हाई आलं तरी चार जागे ठेवायचे, असंच सांगितलंय मी."

हे मला बरं वाटलं. का वाटलं ते विचारू नका, मला माहीत नाही. निम्मी जागा राखलेल्या डब्याची जागा काढून घेतली तेही बरोबर वाटतं, आणि हे चार बिनकामाचे जागे ठेवले तेही बरोबर वाटतं. दोन्ही बरोबर कसं, हे तिला विचारलं तर ती आकडे सांगते.

बाज आता अंगणात लिंबाखाली आहे. मी तिच्यावर झोपत नाही. परवा वहिनी रस्त्यानं चालली होती, मी हाक मारली. आली, आणि बाजेपाशी उभीच राहिली.

"हितं बसू का, का हितूनबी उठवतोस?"

"बसा की. मग काय उभ्यानं चहा पिता?"

ती बसली. दोरी कुरकुरली. हिच्या वजनाला अशी कुरकुरायची नाही. मी आत जाऊन लेकीला तीन कप चहा ठेवायला सांगितला.

घर सारवायला येणारी बाई काल विचारत होती, भुईतले हे खळगे बुजवू का म्हणून. मी म्हणालो, टेबलाखालचा बुजव, टेबल हलतंय. आणि बाकीचे तीन, म्हणाली. मी म्हणालो, त्याचं अजून ठरलेलं नाही.